एकहाती विमान

विमान चालवायला दोन हात लागतात. सेस्ना 172 मध्ये डावा हात सुकाणूवर, उजवा थ्रॉटलवर. थ्रॉटल म्हणजे डॅशबोर्डातून डोकावणारी काळी मूठ, जुन्या फियाटच्या चोकची मावसबहीण. आत ढकलली की इंजिन गुरगुरतं, बाहेर ओढली की शांत होतं.

माझ्याकडे मूठ नाही. जॉयस्टिकचा विषय घरात काढून पाहिला, तर "अहो, आधी मिक्सर बदला" असं उत्तर आलं. तेव्हा फ्लाइटगिअर हा फुकटचा सिम्युलेटर आणि हाताशी असलेला माउस, यांवर संसार चालू आहे.

उजवी कळ एकदा दाबली की माउसचा सुकाणू होतो, आणखी एकदा दाबली की त्याची मान होते, नुसती इकडेतिकडे बघायला. सुकाणू असताना मधली कळ दाबून धरायची आणि माउस पुढे सरकवायचा, की थ्रॉटल वाढतो. आता मधली कळ म्हणजे हल्ली ते चाक. आणि चाक फिरलं की ट्रिम बदलतो, म्हणजे विमानाचं नाक आपल्या मनाने वर किंवा खाली कलतं. चाक न फिरवता नुसतं दाबून दाखवा बरं! मला अजून जमलेलं नाही.

शिवाय मुठीला शेवट असतो. ती पूर्ण आत गेली की तळव्याला कळतं, बघावं लागत नाही. माउसला शेवट नाही. शेवट असतो तो टेबलाला. कडेशी आलो की उचलून पुन्हा मागे ठेवायचा, पुन्हा ढकलायचा, आरपीएमच्या काट्याकडे बघत. काटा बघावा तर धावपट्टी सुटते.

परवा जुहूला उतरत होतो, 26 क्रमांकाच्या धावपट्टीवर, समोर समुद्र. याच जुहूला 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले होते, त्यामुळे उगाच थोडा ताठ बसलो होतो. वेग 65 नॉट, सगळं झकास. उंची जरा कमी वाटली. अशा वेळी थोडा थ्रॉटल द्यायचा. घाईत मधलीऐवजी उजवी कळ दाबली गेली आणि मी माउस जोरात पुढे ढकलला. माउसची मान झालेली. इंजिन होतं तसंच राहिलं, मान तेवढी हलली. विमान पार्ल्याच्या छपरांकडे चाललेलं आणि वैमानिक दुसरीकडेच बघतोय!

पेज अपच्या कळीनेही थ्रॉटल वाढतो, हे मला त्यानंतर समजलं. ती बसते कीबोर्डाच्या उजव्या टोकाला, म्हणून डावा हात उजव्यावरून आडवा घालावा लागतो. पण विमान आता धावपट्टीवर उतरतं. डाव्या हातातला चहा तेवढा गार होतो.