वायफायचा मापाडी

बाजार समितीत जसा मापाडी असतो, तसा हल्ली प्रत्येक सोसायटीत एक वायफायचा मापाडी असतो. पहिल्याला परवाना लागतो आणि तोलाई मिळते. दुसऱ्याला दोन्ही नाही, तरी उत्साह दांडगा. चहाच्या आधी, झोपण्याआधी आणि पाहुणे आले की हमखास तो स्पीड टेस्ट लावतो. ९४ आले तर स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर. ४१ आले तर केबलवाल्याला, सोबत तीन उद्गारचिन्हं. त्याची टिंगल सोपी आहे, पण निदान तो मोजतो तरी. बाकीचे 'नेट गेलं' म्हणत राउटर बंद-चालू करतात. गोची इतकीच, की तो मोजतो ते एक आणि त्याला हवं असतं ते दुसरंच.

स्पीड टेस्टचं अ‍ॅप सहसा जवळचा, चटकन उत्तर देणारा सर्व्हर निवडतं. कित्येकदा तो इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्याच जाळ्यात असतो. मग एकदम अनेक जोडण्या उघडून डेटाचा लोंढा सोडतं आणि सुरुवातीचे मंद क्षण हिशेबातून वगळतं. कळवून आलेल्या जावयाला पुरणपोळी मिळाली म्हणून त्या घरी रोजच पुरण शिजतं असं मानावं, तसला हा पुरावा. नेटफ्लिक्सची २०१६ सालची फास्ट ही टेस्ट नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून मोजते, त्यामुळे त्याच मिनिटाला तिचा आकडा वेगळा येऊ शकतो. रस्ते दोन, म्हणून आकडे दोन. मापाडी मात्र त्यातल्या एकाला खोटारडा ठरवतो. शिवाय १०० मेगाबिटच्या प्लॅनमध्ये सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात, कारण आठ बिटांचा एक बाइट. हे कळेपर्यंत त्याला आठपट फसवणूक झाल्यासारखं वाटत असतं.

खरी मेख विलंबाची आहे. व्हिडिओ कॉलला दोन-चार मेगाबिट पुरतात, पण डेटाची छोटी छोटी पाकिटं वेळेवर पोचायला हवीत. हा विलंब मोजणारा पिंग हा प्रोग्रॅम माइक मूस यांनी १९८३ साली लिहिला; नाव घेतलं पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून. लाइन रिकामी असताना पिंग झकास येतो. ती भरली, की पाकिटं राउटरच्या रांगेत ताटकळतात आणि वीस मिलिसेकंदांचे दोन-तीनशे होऊ शकतात. लाइन भरण्याचा हमखास उपाय म्हणजे स्पीड टेस्ट! बायकोच्या ऑफिस मीटिंगमध्ये साहेबांचा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठतो तो बहुधा याच मुहूर्तावर. 'बघ, नेट खराबच आहे,' म्हणून मापाडी टेस्ट पुन्हा लावतो.

पैसे शंभरचे भरले तर तपासूही नये का, असं कोणी विचारेल. जरूर तपासावं. केबलवाल्याशी भांडताना 'स्लो वाटतंय' यापेक्षा आकडा केव्हाही बरा. फक्त तो राउटरला केबल जोडून, वेगवेगळ्या वेळी घेतलेला असावा, गॅलरीच्या टोकाला उभं राहून नव्हे. आणि मोजायचं कसं, हे डेटाची पाकिटं पाठवणाऱ्या प्रोग्रॅम्सकडूनच शिकावं. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं विद्यापीठ यांच्यातल्या जेमतेम चारशे यार्डांत सेकंदाला ३२ हजार बिटांचा वेग ४० बिटांवर कोसळला. उत्तराची वाट किती पाहायची याचा अंदाज चुकलेली यंत्रं तीच पाकिटं पुन्हा पुन्हा पाठवून कोंडीत भर घालत होती. १९८८ साली व्हॅन जेकबसन यांनी सुधारलेल्या या अंदाजाच्या पद्धतीत विलंबाच्या नव्या मोजमापाला फक्त एक अष्टमांश वजन मिळतं, सात अष्टमांश पूर्वानुभवाला; आणि विलंब किती हेलकावे खातो, याचाही हिशेब ठेवला जातो. पाकीट दोनदा पाठवावं लागलं असेल तर त्याची पोच मोजमापात धरतच नाहीत, कारण ती कोणत्या खेपेची हे कळायला मार्ग नसतो. मापाडी ताज्या आकड्याला आठही अष्टमांश देतो, आणि लाइट जाऊन आल्याच्या मिनिटाला लावलेली टेस्टसुद्धा ग्रुपवर टाकतो.