बसलेल्या पक्ष्याचा फोटोग्राफर

भिगवणच्या किनाऱ्यावर ज्याच्या खांद्यावर ६०० मिलिमीटरची लेन्स असते, त्याला लोक अदबीने वाट करून देतात. ज्याच्याकडे ३४५० मिलिमीटर असतात, त्याला विचारतात, ‘‘काका, मोजणी कसली चाललीय? रस्ता आमच्या रानातनं जाणार का?’’

हे काका म्हणजे डिजिस्कोपिंगवाले. त्यांच्या ट्रायपॉडवर जे यंत्र बसवलेलं असतं, त्याला स्पॉटिंग स्कोप म्हणतात. एका डोळ्याने बघायची ही दुर्बीण मुळात फोटोसाठी बनवलेलीच नाही. काकांनी तिच्या आयपीसला खिशात मावणारा कॅमेरा जोडलेला असतो, आणि लांबून पाहणाऱ्याला भूमी अभिलेख खात्याचा माणूस आल्यासारखं वाटतं. विचारणाऱ्याच्या जमिनीला धोका नाही, हे पटवण्यात सकाळचा कोवळा उजेड निघून जातो.

३४५० हा आकडा काकांनी फुगवलेला नाही. स्कोप ३० पट मोठं दाखवतो आणि कॅमेऱ्याचा झूम ११५ मिलिमीटरपर्यंत जातो. या दोहोंचा गुणाकार ३४५०. ६०० मिलिमीटरची एफ ४ लेन्स घ्यायची तर दहा लाखांच्या वर रुपये मोजावे लागतात, गुणाकाराला मात्र पैसे पडत नाहीत. मध्यमवर्गीय मनाला या गणिताची एकदा भूल पडली की ती उतरत नाही. स्कोप, ट्रायपॉड आणि आयपीस मिळून झालेला खर्च या हिशेबात धरायचा नसतो. घरी तर त्याचा उच्चारही करायचा नसतो.

या उद्योगाचं मूळ मलेशियात आहे. १९९९ साली लॉरेन्स पोह या पक्षिनिरीक्षकाने आपल्या लायका स्कोपच्या आयपीसवर निकॉनचा कूलपिक्स ९५० नुसता हाताने धरला आणि बटण दाबलं. फोटो चक्क बरा आला. पुढे आलँ फोसे या फ्रेंच पक्षिनिरीक्षकाने या प्रकाराला नाव दिलं आणि पंथ स्थापन झाला. त्याआधीही लोक स्कोपला फिल्मचे कॅमेरे जोडत होते. पण छत्तीस फोटोंचा रोल धुऊन येईपर्यंत काय चुकलं ते कळायचं नाही, आणि कळायचं तेव्हा पक्षी सैबेरियाला पोचलेला असायचा. डिजिटल कॅमेऱ्याने पाठीवरच्या पडद्यावर चूक जागच्या जागी दाखवायला सुरुवात केली. त्यामुळे ती त्याच पक्ष्यावर पुन्हापुन्हा करता येऊ लागली.

कूलपिक्स ९५० दोन मेगापिक्सेलचा होता. आज एवढ्या मेगापिक्सेलचा कॅमेरा फोनच्या पुढच्या बाजूलाही कुणी लावून घेणार नाही. पण त्याच्या अंगी तीन गुण होते. झूम करताना त्याचं भिंग बाहेर यायचं नाही, जी हालचाल व्हायची ती आतल्या आत. भिंगापुढे २८ मिलिमीटरचे आटे होते, त्यात जोडणी फिरवून बसवता यायची. आणि तो कमरेत वळायचा, त्यामुळे स्कोपकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्याचा पडदा माणसाला सोयीच्या बाजूला वळवता यायचा. ९९०, ९९५ आणि २००२ सालचा ४५०० या त्याच्या भावंडांतही हे गुण उतरले, म्हणून या पंथात जुन्या कूलपिक्सला घराण्यातल्या तंबोऱ्याचा मान मिळत राहिला. नंतरच्या बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांचं भिंग सुरू होताच सुळकन बाहेर येतं. समोर आयपीस असेल तर ते त्याला धडकतं, आतली मोटर करकरते आणि पडद्यावर ‘लेन्स एरर’ अशी अक्षरं उमटतात.

छोटाच कॅमेरा का, असं काकांना विचारू नये. विचारलंच तर बसायला जागा बघावी. आयपीसमधून बाहेर पडणारे किरण समांतर असतात. त्यांची प्रतिमा जुळवायचं काम एरवी आपल्या डोळ्याचं भिंग करतं. इथे कॅमेऱ्याने फक्त डोळ्याची जागा घ्यायची असते. पण हा प्रकाशाचा झोत फार बारीक असतो. स्कोपच्या पुढच्या भिंगाच्या व्यासाला मोठेपणाने भागलं की त्याची जाडी निघते. ८० मिलिमीटरचा स्कोप २० पटीवर ठेवला तर चार मिलिमीटर, ६० पटीवर नेला तर जेमतेम सव्वा. एवढ्याशा झोतापुढे मोठ्या कॅमेऱ्याचं रुंद भिंग धरलं, तर बहुतेक वेळा मधोमध उजेडाचा ठिपका आणि भोवती अमावास्या. छोट्या कॅमेऱ्याच्या छोट्या भिंगाचं तेवढ्यात भागतं. त्यालाही थोडा झूम द्यावा लागतो, नाहीतर चारी कोपरे काळे राहतात. नवशिक्याचे सगळे फोटो गोल असतात आणि घरचे त्यांना चंद्र समजतात.

आता हा कॅमेरा आयपीससमोर नेमक्या मध्यावर आणि नेमक्या अंतरावर टिकवायचा कसा? बाजारात तयार ॲडॉप्टर मिळतात, पण ते विकत घेणं म्हणजे गुणाकारावरचा विश्वास उडाल्याची कबुली. म्हणून काका स्कोप पिशवीत घालून बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात जातात आणि तो काउंटरवर उभा करतात.

‘‘याच्यावर बसेल असा पाइप पाहिजे.’’

‘‘पाण्याचा का ड्रेनेजचा?’’

‘‘पक्ष्यांचा.’’

दुकानदार ड्रेनेजचा काढतो. त्या पीव्हीसी तुकड्याला आतून काळा रंग दिला जातो, म्हणजे उजेड उसळत नाही. आयपीस खरचटू नये म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली जाते. दुसऱ्या टोकाला औषधाच्या बाटलीचं भोक पाडलेलं झाकण येतं आणि सगळ्यावर काळी इन्सुलेशन टेप. पडद्यावर ऊन पडून काही दिसत नाही, त्यासाठी पुठ्ठ्याचं छप्पर. एवढा साज चढल्यावर मोजणीवाल्या काकांकडे बघणाऱ्यांना निराळीच शंका येऊ लागते.

गुणाकार नजर लांबवतो, तसा उजेडही खातो. कॅमेऱ्याच्या भिंगाची खरी फोकल लेंग्थ २१ मिलिमीटर. तिला ३० ने गुणून ८० ने भागलं की साधारण एफ ८ येतो. आयपीस ६० पटीवर नेला की एफ १६. आयएसओ १०० आणि एफ ८ धरला, तर लख्ख उन्हात शटर सेकंदाच्या चारशेव्या भागापर्यंत जातं, ढग आला की आणखी खाली. फोटो हलू नये यासाठीचा जुना ठोकताळा मात्र ३४५० मिलिमीटरला सेकंदाचा ३४५०वा भाग मागतो. ही तूट ट्रायपॉडने भरून काढायची. वाऱ्याने ट्रायपॉड थरथरतो म्हणून त्याला पिशवी लटकवायची, आणि बोटाच्या धक्क्याने फोटो हलतो म्हणून सेल्फ टायमर लावायचा. जुन्या कॅमेऱ्यातला टायमर दहा सेकंदांचा. पहिले नऊ सेकंद चित्रबलाक मान उंचावून, लांब पिवळी चोच झळकवत असा उभा राहतो की त्याचा थेट कॅलेंडरवर फोटो छापावा. दहाव्या सेकंदाला त्याला पाठ खाजवायची आठवण होते.

काठावरच्या स्थानिक गाइडला यातलं काही सांगावं लागत नाही. ‘‘सर, उडालं की ते,’’ एवढंच तो म्हणतो, आणि पुढची बोट भरायला जातो. त्या बोटीत काका बसत नाहीत. हलत्या बोटीत स्कोप लावून पडद्यावर एकदा आभाळ आणि एकदा पाणी यापलीकडे काही येत नाही. मोठ्या लेन्सवाले बोटीतून रोहित पक्ष्यांपर्यंत जाऊन येतात. काका काठावर उभं राहून तेच पक्षी टिपतात. फोटोत बऱ्याचदा दोन लांब पाय आणि वर एक गुलाबी गाठोडं असतं, कारण रोहित डोकं उलटं करून, चोच पाण्यात बुडवून खातो आणि हा कार्यक्रम तासन्‌तास चालतो.

या सगळ्यातून काकांचा आणि पक्ष्यांचा एक अलिखित करार झालेला आहे. उडणाऱ्याने यांच्याकडे फिरकायचं नाही. ६० पटीवर हजार मीटर लांबचा केवळ वीसेक मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. एवढ्यातून उडती पाकोळी शोधणं म्हणजे दाराच्या फटीतून वरात बघणं. खंड्या सूर मारतो तेव्हा काका अजून फांदी शोधत असतात. वटवट्यांच्या नावाखाली त्यांच्या संग्रहात नुसत्या बाभळीच्या डहाळ्या आहेत, पण डहाळ्या फार सुरेख आल्यात. वेडा राघू त्यातल्या त्यात समजूतदार. तो हवेतल्या हवेत माशी पकडून पुष्कळदा त्याच काडीवर परत येतो, म्हणून काडीवर फोकस करून थांबलं तर साधतो.

बाकी सगळी भिस्त आळशांवर. दिवसभर झाडात पेंगणारा रात्रबगळा, माळावर झुडपाच्या सावलीत ठोंब्यासारखा उभा राहणारा करवानक, एका पायावर तास काढणारा राखी बगळा, ही काकांची मित्रमंडळी. त्यांच्यापाशी इतका वेळ काढल्यामुळे काकांना अशा गोष्टी ठाऊक असतात, ज्या बोटीतल्या मंडळींच्या गावीही नसतात. झोपलेला शेकाट्या एक डोळा उघडून पहारा करतो. बगळा नखाने मान खाजवताना डोळ्यावर पापुद्रा ओढून घेतो. वंचक बेडकाकडे इतक्या सावकाश मान लांबवतो की बघणाऱ्याची मान अवघडते. हे सगळं इतक्या लांबून चालतं, की आपल्यावर कुणी पाळत ठेवलीय याचा पक्ष्याला पत्ताही नसतो.

दहा वाजले की तळी पुसट होऊ लागतात. स्कोप पक्षी जवळ आणतो, तशी मधली तापलेली हवाही जवळ आणतो. नांदूर मध्यमेश्वरला चापडगावच्या मनोऱ्यावरून सकाळी रेखीव दिसलेला चमचा पक्षी उन्हं चढल्यावर वितळायला लागतो. नेमक्या त्याच वेळी शाळेची सहल येते. ‘‘काका, आम्हाला बघू द्या ना’’ म्हणत रांग लागते. काका जोडणी उतरवतात. पहिला मुलगा स्कोप दोन्ही हातांनी घट्ट धरतो आणि तो आभाळाकडे वळतो. दुसरी मुलगी उघडा ठेवायचा डोळा मिटते. तिसरा ठणकावून सांगतो की त्याला मगर दिसली. शेवटी बाई पुढे होतात, आयपीसला डोळा लावतात आणि म्हणतात, ‘‘अगं बाई, पापण्या दिसतायत त्याच्या!’’ त्या दिवशी काकांचा फोटो होत नाही, पण कॉलर ताठ होते.

संग्रहातल्या बऱ्याच फोटोंना ‘रेकॉर्ड शॉट’ म्हणतात. फोटो वाईट आहे, पण पक्षी ओळखता येतो, असा त्याचा अर्थ. पक्षिनिरीक्षणात अशा पुराव्याला खरंच किंमत असते, आणि काकांची सगळी आशा त्यावरच टिकून आहे. गेल्या हिवाळ्यात उजनीच्या चिखलात चिमणीएवढा एक टिलवा सापडला. छोटा टिलवा असेल तर कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो, टेमिंकचा असेल तर ग्रुपवर टाकण्याजोगा. वारा पडलेला, टायमर चाललेला आणि पक्षी जागचा हलत नव्हता. डोळ्यातला उजेडाचा ठिपकासुद्धा आला. काकांनी तो फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला.

‘‘पाय दाखवा,’’ जाणकारांचं उत्तर आलं. छोट्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे हिरवट पिवळे. फोटोतल्या पक्ष्याचे पाय पोटापर्यंत चिखलात होते.

‘‘मग शेपटीच्या कडेची पिसं पांढरी आहेत का?’’

ती उडताना दिसतात. ग्रुपवर थोडा वेळ शांतता पसरली. तिथे सगळे काकांना ओळखून होते.

‘‘धरणाचं आवर्तन सुटलंय,’’ काकांनी लिहिलं. ‘‘आठवड्यात पाणी खाली जाईल, चिखल सुकेल. पाय दिसतील.’’

‘‘पाण्यामागे तोही खाली सरकेल की. अजून शंभर मीटर लांब.’’

‘‘त्यासाठीच तर साठचा आयपीस घेतलाय,’’ असं काकांनी कळवलं, आणि मग हा ग्रुप घरचेही वाचतात हे लक्षात येऊन मेसेज घाईघाईने पुसला.