ट्रकखाली काय आहे?

"मामा, या वेळी आळीपाळीने लढणं बंद! आणि गोष्ट एकदम डार्क," पोह्यांवरचं खोबरं बाजूला सारत भाचेरावांनी खबर दिली. पोकेमॉनचा पुढला गेम यायचाय आणि आतल्या गोटातलं सगळं यांना ठाऊक. पुरावा म्हणून मोबाइलवर एक धुरकट फोटो. त्यात कोपऱ्यात मला शेपूट दिसलं. फोटो काढणाऱ्याचा अंगठाही असेल. गेमच्या दोन आवृत्त्यांपैकी कुठली घ्यायची यावरून बहिणीशी हाणामारी मात्र होऊन गेली. बाजारात तुरी!

मी हसत नाही. पोकेमॉनच्या घराण्यात अफवेचं पाऊल लक्ष्मीचं आहे. १९९६ साली जपानात रेड आणि ग्रीन निघाले, त्यात पोकेमॉन जाहीर दीडशे. चुका शोधायची सामग्री शेवटी काढून टाकली तेव्हा कार्ट्रिजमध्ये जेमतेम ३०० बाइट जागा उरली. शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रॅमरने तिथे म्यू नावाचा एकशेएक्कावन्नावा गुपचूप बसवला. तो कुणाला दिसायचाच नव्हता. गेममधल्या गडबडीमुळे काहींना दिसला आणि कुजबुज सुरू झाली. मग कोरोकोरो मासिकाने वीस जणांना म्यू देऊ केला, तर अर्ज आले सुमारे ७८ हजार. आपल्याकडे मंत्रिमंडळाच्या विस्तारालासुद्धा एवढे इच्छुक नसतात.

पुढे ही साथ अमेरिकेत गेली. गेममधल्या व्हर्मिलियन गावाच्या बंदरात, एस. एस. ॲन जहाजाजवळ, एक ट्रक उभा आहे. का उभा आहे, कुणी सांगत नाही. तो ढकलला की खाली म्यू, असं शाळेशाळेत ठरलं. अडचण अशी, की ट्रकपाशी पोहत जावं लागतं, पोहणं पुढे कधीतरी जमतं आणि जहाज त्याआधीच सुटतं. पोरांनी तोड काढली. जहाजावरच मुद्दाम लढाई हरायची. म्हणजे शुद्ध येते ती दवाखान्यात, आणि जहाज बंदरातच राहतं. एवढी अक्कल गणितात चालवली असती, तर... असो. ट्रक हलला नाही. २००४ च्या फायररेड-लीफग्रीनमध्ये कंपनीने त्याच ट्रकपाशी एक लाव्हा कुकी लपवून ठेवली. तपश्चर्येला बिस्किट पावलं.

तर्काने चालणाऱ्यांचे हाल याहून वाईट. ब्लॅक आणि व्हाइट या गेमनंतर ग्रे येणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं. २०१२ साली आले ब्लॅक २ आणि व्हाइट २. एक्स आणि वायनंतर झेड नाही तर काय? आले सन आणि मून. झेड उगवला २०२५ मध्ये, 'लेजंड्स: झेड-ए' असं लांब नाव लावून. तोवर मुंजीच्या वयातला भविष्यवेत्ता लग्नाचा झाला होता. त्या गेममधून आळीपाळी खरोखरच गेली, म्हणून भाचेरावांना एवढा जोर.

उलट सोर्ड आणि शील्डमध्ये जुने सगळे पोकेमॉन नेता येणार नाहीत, ही नकोशी बातमी २०१९ मध्ये जुनिची मासुदांनी स्वतः दिली. खुद्द निर्मात्याच्या तोंडची असल्याने तिच्यात काही मजा नव्हती.

एवढं सगळं मी भाचेरावांना समजावून सांगितलं. ते ऐकून घेत होते, म्हणजे खोबरं वेचत होते.

"मामा, पण त्या ट्रकचं एक नवीनच कळलंय."

मी बशी खाली ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली.