तोतया मॅकची निगा व दुरुस्ती

प्रस्तुत मार्गदर्शन अशा सद्गृहस्थांसाठी आहे, ज्यांनी लॅमिंग्टन रोडवरून मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम असे सुटे भाग आणून घरी संगणक जुळवला, त्यावर विंडोज सुरळीत चालत असल्याचे पाहून अस्वस्थ झाले, आणि 'आता यात मॅकओएस घालू' असे घरात कुणालाही न विचारता ठरवले. अशा संगणकाला हॅकिंटॉश म्हणतात. तो चालू असतो तेव्हा मालक त्याचे फोटो मित्रांना पाठवतो. बंद पडतो तेव्हा हे मार्गदर्शन वाचतो.

पूर्वपीठिका

जून २००५ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी ॲपलचे संगणक यापुढे इंटेलच्या प्रोसेसरवर चालतील असे जाहीर केले आणि जानेवारी २००६ मध्ये पहिला इंटेल आयमॅक आला. ॲपलच्या महागड्या यंत्रात आणि गल्लीतल्या दुकानदाराने जुळवून दिलेल्या डब्यात एकाच जातीची चिप बसल्यावर जे व्हायचे ते झाले. ॲपलचा परवाना मात्र सरळ सांगतो की मॅकओएस फक्त ॲपलच्या यंत्रावर चालवावे. फ्लोरिडातल्या सायस्टार कंपनीने एप्रिल २००८ पासून असे संगणक उघडपणे विकायला काढले. जुलैत ॲपल कोर्टात गेली, नोव्हेंबर २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला आणि २०११ मध्ये वरच्या कोर्टानेही तो कायम ठेवला. तेव्हा गृहस्थाने हे यंत्र विकायला काढू नये, आणि घरच्या घरी वापरतानाही परवाना आपल्या खिशात आहे अशा भ्रमात राहू नये.

मूलतत्त्व

पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने पुढे एक तोतया उभा राहिला, काही काळ मानमरातबात वावरला आणि १७७६ साली त्याला देहान्त शासन झाले. तोतयाचे दुखणे चेहऱ्यात नसते, चौकशीत असते. दहा प्रश्नांना बरोबर उत्तरे दिली आणि अकराव्याला अडखळला, की पहिली दहाही वाया. हॅकिंटॉशचे नेमके हेच आहे. त्याच्या प्रत्येक बिघाडाचे मूळ एकच: मॅकओएसने काहीतरी विचारले आणि मिळालेले उत्तर आधीच्या उत्तराशी जुळले नाही. म्हणून दुरुस्ती करताना 'काय मोडले?' असे विचारू नये. 'कुठली थाप उघडी पडली?' असे विचारावे.

सगळ्या थापांची वही म्हणजे कॉन्फिग.प्लिस्ट ही फाईल. ती ईएफआय नावाच्या छोट्या विभाजनात असते आणि सुरुवातीला ओपनकोअर हा बूटलोडर ती वाचतो. त्याआधी हेच काम क्लोव्हर करायचा, त्याही आधी कमेलियन. वहीत लिहिलेले असते की आपण, उदाहरणार्थ, आयमॅक१९,१ आहोत, म्हणजे २०१९ चा आयमॅक. मदरबोर्डचा ओळखक्रमांक अमुक, अनुक्रमांक तमुक. हे क्रमांक जेनएसएमबायोस नावाचे साधन तयार करून देते. ते कुणा खऱ्या आयमॅकचे निघणार नाहीत याची खात्री करावी, कारण एकाच अनुक्रमांकाचे दोन आयमॅक ॲपलच्या दारात उभे राहिले तर चौकशी दोघांचीही होते.

वहीखेरीज साक्षीदार लागतात. यांना केक्स्ट म्हणतात. खऱ्या मॅकमध्ये पंखे, तापमान वगैरे सांभाळणारी एसएमसी ही चिप असते. ती आपल्याकडे नाही, म्हणून व्हर्च्युअलएसएमसी तिच्या वतीने बोलतो. मॅकओएसमध्ये 'डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स' अशाच नावाचा एक केक्स्ट ॲपलने स्वतः ठेवला आहे. फाइंडर, डॉक अशा प्रोग्रामांचे कुलूप तो उघडतो, आणि त्यासाठी लागणारी किल्ली एसएमसीकडे मागतो. किल्ली मिळाली की पडद्यावर 'डीएसएमओएस हॅज अराइव्हड' अशी ओळ येते. 'चोरू नका' असे नाव असलेले खाते खोट्या चिपकडून किल्ली घेऊन समाधानाने निघून जाते. ही ओळ दिसल्यावर हसू येणे स्वाभाविक आहे, पण लगेच पुढच्या ओळीकडे वळावे.

अक्षरे वाचण्याचा विधी

प्रथम बूट आर्ग्युमेंटमध्ये '-व्ही' लिहावे (टंकताना अर्थात रोमन लिपीत). याने ॲपलचे चिन्ह जाऊन पांढऱ्या अक्षरांचा धबधबा सुरू होतो. सोबत 'कीपसिम्स=१' आणि 'डीबग=०एक्स१००' लिहावे. दुसऱ्यामुळे कर्नल पॅनिक झाला तरी यंत्र आपणहून रीस्टार्ट होत नाही, आणि शेवटच्या ओळीचा फोटो काढायला उसंत मिळते. ओपनकोअरची डीबग आवृत्ती वापरावी, म्हणजे नोंदवही पेनड्राइव्हवर उतरते.

अक्षरे थांबली की शेवटची ओळ पाहावी. घरातून साधारण असा संवाद होतो:

'झालं का रे सुरू?'

'अक्षरं येतायत, आई.'

'काल पण येत होती.'

'काल पीसीआय कॉन्फिगरेशनला अडकलं होतं. आज पुढे गेलंय.'

आईला हा फरक पटत नाही, पण तो खरा आहे. अडकण्याची जागा पुढे सरकणे ही प्रगती समजावी आणि एका वेळी एकच बदल करावा. चार बदल एकदम करून यंत्र सुरू झाले, तर कशाने सुरू झाले ते कळत नाही. बंद पडले, तर कशाने पडले तेही कळत नाही.

बूटचे विकार

पहिला विकार: पडदा 'एक्झिटबीएस:स्टार्ट' या ओळीवर गोठतो. इथे फर्मवेअरच्या बूट सर्व्हिसेस निरोप घेतात आणि कर्नलने सूत्रे हाती घ्यायची असतात. जाणारा गेला, येणारा अजून आलेला नाही, म्हणून खरी चूक पडद्यावर दिसत नाही. बहुधा दोष बूटरच्या 'क्वर्क्स' नावाच्या सेटिंग्जमध्ये, म्हणजे मेमरीच्या मांडणीत असतो, किंवा सीएफजी लॉकमध्ये. हे लॉक प्रोसेसरच्या एका रजिस्टरवर असते. मॅकओएसला त्यात लिहायचे असते, आणि बायोसने ते कुलूपबंद केलेले असले की कर्नल तिथेच मान टाकतो. बायोसमध्ये पर्याय असेल तर लॉक काढावे, नसेल तर ॲपलएक्ससीपीएमसीएफजीलॉक हा क्वर्क चालू करावा. त्याच फेरीत सिक्युअर बूट, फास्ट बूट आणि सीएसएम बंद आहेत ना, आणि अबव्ह फोर-जी डीकोडिंग चालू आहे ना, तेही बघावे. बायोस नुकतेच अपडेट केले असेल तर या सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर गेल्या असण्याची दाट शक्यता आहे.

दुसरा विकार: गोलात तिरपी रेघ असलेले मनाईचे चिन्ह, आणि मागे 'स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस'. ज्या पेनड्राइव्हवरून मॅकओएस स्वतः सुरू झाले, तोच पेनड्राइव्ह आता त्याला दिसत नाही. अशा वेळी नवा पेनड्राइव्ह आणू नये. एल कॅपिटन या आवृत्तीपासून मॅकओएस एका यूएसबी कंट्रोलरवर पंधराच पोर्ट मोजते, आणि निळ्या रंगाचे एक यूएसबी ३ भोक दोन पोर्ट खाते: एक जुन्या वेगासाठी, एक नव्या. साध्या मदरबोर्डवरही ही मोजणी सहज पंधराच्या वर जाते. कुठले पोर्ट ठेवायचे हे ठरवून यूएसबी मॅप करणे हा कायमचा इलाज. तोवर पेनड्राइव्ह यूएसबी २ च्या भोकात घालून पाहावा.

तिसरा विकार: 'हे मॅकओएस या यंत्रासाठी नाही' अशा अर्थाची स्पष्ट नकारघंटा. हा सर्वांत सोपा. टाहो ही आवृत्ती २०१९ च्या आयमॅकला घरात घेत नाही, २०२० च्या आयमॅकला घेते. गृहस्थाने वहीत आयमॅक१९,१ खोडून आयमॅक२०,१ लिहावे, जुळणारे क्रमांक नव्याने काढावेत. यंत्र एका ओळीत वर्षाने तरुण होते.

मदरबोर्डच्या घड्याळाचे आणि एम्बेडेड कंट्रोलरचे विकार इथे थोडक्यात. इंटेलच्या ३०० मालिकेच्या अनेक बोर्डांवर एडब्ल्यूएसी नावाचे नवे घड्याळ असते, ते मॅकओएसला कळत नाही. एसएसडीटी-एडब्ल्यूएसी ही फाईल जुने घड्याळ जागे करते. कॅटालिनापासून ईसी नावाचा कंट्रोलर लागतोच. डेस्कटॉपवर एसएसडीटी-ईसी तो खोटा उभा करून देते.

चित्राचे विकार

इथे गृहस्थाचा खरा कस लागतो, कारण बरेचसे विकार दुकानातच विकत घेतलेले असतात.

एनव्हिडियाचे कार्ड असेल तर आधी त्याचे वय पाहावे. आरटीएक्स कुळातले एकही कार्ड मॅकओएसमध्ये कधी चालले नाही. जीटीएक्स १०८० सारखी पास्कल कार्डे २०१७ च्या हाय सिएरापर्यंत एनव्हिडियाच्या वेब ड्रायव्हरवर चालली. २०१८ च्या मोहावीसाठी तो ड्रायव्हर आलाच नाही. त्याहून जुनी केपलर कार्डे बिग सरपर्यंत टिकली आणि मॉन्टेरीत त्यांचाही निकाल लागला. महागडे आरटीएक्स घेऊन बसलेल्या गृहस्थाला इलाज नाही. त्याने बूट आर्ग्युमेंटमध्ये '-वेगनोईजीपीयू' लिहून ते कार्ड मॅकओएसपासून लपवावे आणि इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्सवर भागवावे. मात्र प्रोसेसर अकराव्या पिढीचा किंवा पुढचा असेल तर त्याच्या ग्राफिक्ससाठीही ॲपलचा ड्रायव्हर नाही. एचडीएमआय केबल मदरबोर्डच्या भोकात बदलून घालायचीही आठवण ठेवावी. ही न बदलता रात्रभर कॉन्फिग दुरुस्त करणाऱ्यांचा एक स्वतंत्र पंथ आहे.

एएमडीचे कार्ड हा राजमार्ग, पण तोही सरळ नाही. आरएक्स ५८० निमूटपणे चालते. आरएक्स ६६०० मॉन्टेरीपासून चालते, ६८०० आणि ६९०० ही चालतात, पण त्यांच्या मधले ६७०० एक्सटी आपणहून चालत नाही. ७००० मालिका अजिबात नाही. आरएक्स ५५० या एकाच नावाखाली दोन वेगळ्या चिप विकल्या गेल्या: बॅफिन चालते, लेक्सा आपणहून चालत नाही. खोक्यावर हे लिहिलेले नसते. दुकानदाराला विचारल्यास तो 'सगळं चालतं साहेब' असे सांगतो.

आता काळा पडदा. अक्षरे धावली, 'आयओकन्सोलयूजर्स' अशी ओळ आली, आणि मॉनिटरने सिग्नल नसल्याचे सांगून डोळे मिटले. पंखा फिरतो आहे, कीबोर्डचा दिवा लागतो-विझतो आहे, म्हणजे आत मॅकओएस जिवंत आहे, फक्त दिसत नाही. ५००० किंवा ६००० मालिकेचे कार्ड असेल तर 'एजीडीपीमॉड=पिकेरा' लिहावे. यामागची करामत पाहण्यासारखी आहे. ॲपलचा ग्राफिक्स पॉलिसी ड्रायव्हर मदरबोर्डचा ओळखक्रमांक, म्हणजे 'बोर्ड-आयडी', पाहतो आणि हे कार्ड या मॅकमध्ये असायला हवे का ते ठरवतो. पिकेरा त्या ड्रायव्हरमधला 'बोर्ड-आयडी' हा शब्द 'बोर्ड-आयएक्स' करून टाकतो. अधिकारी रकाना शोधतो, त्या नावाचा रकानाच सापडत नाही, आणि तपासणी न करता अर्ज पुढे जातो. एका अक्षराचा फरक, आणि पडदा उजळतो. हे काम व्हॉटेव्हरग्रीन हा केक्स्ट करतो. तो लिलू या दुसऱ्या केक्स्टच्या खांद्यावर उभा असल्याने यादीत लिलू वर आणि तो खाली हवा. क्रम उलटा झाला तर दोघेही कामाला येत नाहीत.

इंटेलच्या यूएचडी ६३० साठी वहीत प्लॅटफॉर्म-आयडी लागतो. कॉफी लेक डेस्कटॉपसाठी तो ३ई९बी०००७, पण लिहायचा मात्र जोड्या उलट्या लावून: ०७००९बी३ई. सरळ लिहिणाऱ्याला काळा पडदा मिळतो, आणि वहीत डोळ्यांसमोर 'बरोबर' क्रमांक दिसत असल्याने संशय केबलवर, मॉनिटरवर, शेवटी शेजाऱ्याच्या इन्व्हर्टरवर जातो.

याहून फसवा विकार म्हणजे चित्र दिसते, पण प्रवेग नाही. डेस्कटॉप आला, घरात पेढे वाटले गेले. मग लक्षात येते की डॉकची पट्टी पारदर्शक नाही, खिडक्या फरफटत सरकतात. 'अबाउट धिस मॅक' उघडावे. कार्डाच्या नावाऐवजी नुसते 'डिस्प्ले' आणि समोर ७ एमबी दिसले, तर ड्रायव्हर लागलेलाच नाही. पेढे परत मागता येत नाहीत. प्लॅटफॉर्म-आयडी आणि व्हॉटेव्हरग्रीन पुन्हा तपासता येतात.

निषिद्ध कर्मे

'माझा बोर्ड सेम आहे' म्हणणाऱ्या मित्राचा ईएफआय फोल्डर उचलून आणू नये. त्याची थाप त्याच्या हार्डवेअरला बेतलेली असते, आणि अनुक्रमांकही त्याचाच येतो. ओपनकोअरसोबत येणारी सॅम्पल.प्लिस्ट जशीच्या तशी चालवू नये. हा फक्त नमुना आहे असे तिच्या सुरुवातीलाच बजावलेले असते, तरी ती चालवली जाते. ओपनकोअर नवे आणि कॉन्फिग जुने अशी मोट बांधू नये. दोन्हींचा मेळ आहे की नाही ते ओसीव्हॅलिडेट हे साधन क्षणात सांगते.

उत्तरकार्य

यंत्र चालू झाले, कार्डाचे खरे नाव आणि मेमरी दिसली, की पहिले काम म्हणजे तो ईएफआय फोल्डर वेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून त्यावर तारीख लिहून ठेवणे. ॲपलने जून २०२० मध्ये स्वतःच्या चिपकडे वळत असल्याचे जाहीर केले, आणि जून २०२५ मध्ये टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती असल्याचे सांगितले. त्यामुळे मोठी अपडेट आता गृहस्थाच्या वाट्याला येणार नाहीत. छोटी येतील, आणि कोपऱ्यातला तो लाल ठिपका रोज खुणावेल. तो दाबण्याआधी लिलू, व्हॉटेव्हरग्रीन, व्हर्च्युअलएसएमसी आणि ओपनकोअर यांच्या नव्या आवृत्त्या घालाव्यात, पेनड्राइव्हवरून एकदा सुरू करून पाहावे, आणि मगच मॅकओएसला हात लावावा. ज्यांनी हे वाचण्याआधीच ठिपका दाबला आहे, त्यांनी वर 'अक्षरे वाचण्याचा विधी' येथून पुन्हा सुरुवात करावी.