मिक्सरचं भांडं

जुन्या रेकॉर्डी जमवणारा एखादा तुमच्याही ओळखीत असणारच. आंबिवलीजवळच्या आमच्या मोहन्यातले काका त्याच पंथाचे, पण त्यांचं तंत्र निराळं. भंगाराच्या ढिगात रेकॉर्ड दिसली की काका तिच्याकडे चुकूनही बघत नाहीत. आधी मिक्सरचं भांडं उचलतात. पातं फिरवून बघतात, झाकण मागतात, घासाघीस करतात आणि सौदा ठरता ठरता जांभई देत म्हणतात, “बरं, ती काळी थाळी पण टाका त्यात.”

थाळी म्हणजे ‘यंग इंडिया’ लेबलची लाखेची तबकडी. घरी येईपर्यंत काकांचे हात थरथरत असतात.

आता त्यांच्या माळ्यावर मिक्सरची भांडी एवढी झालीत की हॉटेल काढता येईल. मिक्सर एकच, आणि त्याला त्यातलं एकही बसत नाही. कोपऱ्यावरचा भंगारवाला तर आता काका दिसले की स्वतःच एक भांडं पुढे करतो, “या, रेकॉर्ड आलीय.”

एकदा काकांनी मला हमाल म्हणून मुंबईला नेलं. आंबिवलीहून लोकल, भायखळ्याला उतरून चोरबाजारातली मटण स्ट्रीट. काकांनी भांडं उचललं मात्र, दुकानदार हसला आणि रेकॉर्डचा भाव दुप्पट सांगितला. काकांनी तो दिला. भांड्याचे पैसे वेगळे. परतीच्या गर्दीत एलपी माझ्या डोक्यावर, अठ्ठ्याहत्तर आरपीएमच्या तबकड्या त्यांच्या पोटाशी. एलपी एकवेळ वाकेल, पण लाखेची तबकडी पापडासारखी मोडते. धक्का देणाऱ्याला काका सांगत होते, “अहो, आत बालगंधर्व आहेत!” त्यानं आत कुठे म्हणून डब्यात वळून पाहिलं.

काकूंनी एकदा हौसेने एक तबकडी स्पिरिटने पुसली. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुतार तिचंच पॉलिश करतात. तीन मिनिटांचं गाणं फडक्यावर उतरलं. त्या दिवशी काका जेवले नाहीत. काकूंनी शांतपणे एक भांडं भंगारात दिलं. दुसऱ्या दिवशी काकांनी तेच विकत आणलं, सोबत एक थाळी.

हे सगळं चेष्टेवारी नेता आलं असतं. पण २००९ मध्ये मोहन्यातला एनआरसी हा रेयॉनचा कारखाना बंद पडला आणि त्याच्या कॉलनीतली बिऱ्हाडं एकेक करून उठली. रेयॉनच्या पगारातून घेतलेले रेकॉर्ड प्लेयर टेम्पोत मावेनात. तबकड्या भंगारात आल्या. लेबलावर शाईने मालकाचं नाव, कुठे ‘बहिणीस सप्रेम भेट’, कुठे नुसताच खोलीनंबर. त्या ढिगांपुढे काकांनी भांडं उचललं नाही, घासाघीसही केली नाही. मागतील ते देऊन सगळं घरी आणलं. आता नाव ओळखीचं निघालं की ती बाजू मोबाइलवर उतरवून जळगाव, सातारा, जिथे ते कुटुंब असेल तिथे पाठवतात. खरखर काढत नाहीत. “त्यांच्या घरी अशीच वाजायची,” म्हणतात. माणूस वैतागवाणा आहे खरा, पण कॉलनीची एवढी नीट हजेरी दुसऱ्या कुणाकडे नाही.

तेव्हा तुमच्या माळ्यावर रेकॉर्डी असतील तर त्या एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा. स्पिरिट तर लावूच नका. द्यायच्या झाल्या तर काकांना बोलवा. फक्त निरोपात रेकॉर्डचं नाव काढू नका, भाव वाढवताय अशी शंका येईल त्यांना. जुना पंखा काढायचाय म्हणा.