यमराजाला काय तोंड दाखवू?

"काकू, त्या शन द-फूचं ऐकलंत का?"

"कोण गं हा? तुमच्या सोसायटीतला?"

"नाही हो, चीनमधला. जाऊन चारशे वर्षं होत आली त्याला."

"मग सांग निवांत. एवढ्या जुन्या माणसाची निंदा केली तर पाप नाही लागत."

"त्या काळी जिन पिंग मेइ नावाची एक कादंबरी हस्तलिखितात फिरत होती. एक पैसेवाला व्यापारी, घरात सहा बायका, बाहेर लफडी, वर अधिकाऱ्यांना लाच. लिहिणाऱ्यानं खरं नाव लावलंच नाही. 'लानलिंगचा हसरा पंडित' एवढंच."

"हुशार होता."

"आणि वाचणारे कोण, तर सगळे बडे विद्वान. १५९६ साली युआन होंगदाओ ह्या नावाजलेल्या लेखकानं तोंग छीछांग ह्या चित्रकाराला पत्र टाकलं, की बाबा, हे कुठून मिळालं, पुढचा भाग कुणाकडे आहे, नक्कल कुठे बदलून मिळेल?"

"अर्धीच वाचून जीव टांगणीला! आमच्या वाड्यात मासिकाचा दिवाळी अंक असाच फिरायचा, शेवटची पानं कुणी तरी दाबून ठेवायचं."

"अगदी तसंच. तर हा शन द-फू. युआनचा धाकटा भाऊ परीक्षेला राजधानीत आला, तेव्हा पोथी त्याच्याजवळ होती. शननं ती मागून घेतली, उतरवून काढली आणि घरी नेली. ती फंग मंगलोंगनं पाहिली. तो स्वतः गोष्टी जमवणारा, छापणारा. तो हरखलाच. पुस्तकवाल्यांना म्हणाला, मोठी किंमत देऊन ही घ्या. वर एक जकात अधिकारीही शनच्या मागे लागला, की छापणाऱ्यांना देऊन टाक."

"सरकारी अधिकारीच?"

"हो ना! पण शन म्हणतो, छापायची तर कुणी ना कुणी छापेलच. एकदा का घरोघर गेली आणि लोकांची मनं बिघडली, की उद्या यमराज मला विचारेल, तेव्हा त्याला काय सांगू? चार पैशांसाठी नरक विकत घेऊ का?"

"आपला यम तिकडेही?"

"बौद्धांबरोबर गेला. शननं पोथी पेटीत ठेवून कुलूप लावलं. पण थोड्याच दिवसांत सूचौच्या दुकानांत ती छापून आलेली!"

"अगं बाई! आणि यानं आधी स्वतः सगळी उतरवून घेतलीच होती की. ते नाही विचारणार वाटतं यम?"

"तेच तर! शिवाय छापील प्रत पाहून नाकं मुरडतो, की त्रेपन्न ते सत्तावन्न ही प्रकरणं मिळाली नाहीत म्हणून कुणा भिकार लेखकानं भरून काढलीत, मध्येच सूचौची बोली डोकावते. इतकं बारीक कुणाला कळेल? ज्यानं अक्षर न् अक्षर वाचलंय त्यालाच. आज जी सगळ्यात जुनी छापील प्रत मिळते, तिच्या एका प्रस्तावनेवर १६१७ साल आहे."

"राजा काय करत होता?"

"राजाला लफड्यांपेक्षा भीती दरोडेखोरांची जास्त. श्वेइहू च्वान नावाची दुसरी कादंबरी, ल्यांगशान डोंगरावरच्या एकशे आठ बंडखोरांची. शानतोंगमध्ये त्याच डोंगराच्या आसऱ्यानं खरोखर बंड झालं, तेव्हा १६४२ साली हुकूम निघाला, की तिच्या प्रती आणि छपाईच्या कोरलेल्या फळ्या नष्ट करा. दोन वर्षांत दुसऱ्याच एका बंडखोरानं राजधानी घेतली आणि बादशहानं गळफास लावून घेतला."

"म्हणजे पुस्तक न वाचताही बंड होतंच."

"मग मांचू लोकांचं राज्य आलं. त्यांच्याच भाषेत जिन पिंग मेइ १७०८ साली उतरली. आणि १७१४ साली मांचू बादशहाचाच हुकूम, की असली पुस्तकं छापली तर शंभर फटके आणि तीन हजार ली लांब हद्दपारी. म्हणजे दीड हजार किलोमीटरच्याही वर हो. विकली तर शंभर फटके आणि तीन वर्षं सक्तमजुरी."

"आधी आपल्या भाषेत करून घेतलं आणि मग बंदी! ढोंगी मेले."

"त्सावो श्वेछिनची 'लाल महालातलं स्वप्न' ही कादंबरी माहितीये ना? ती तर बरीच वर्षं नुसती हातानं उतरवून फिरायची. देवळाच्या बाजारात एकेक प्रत भारी किमतीला जायची. शेवटी छंग वेइयुआननं ती १७९१ मध्ये छापली. म्हणे, उरलेली काही प्रकरणं ढोलकं वाजवत फिरणाऱ्या एका भंगारवाल्याकडे सापडली."

"आणि तू मानलंस?"

"मला तर थाप वाटते. जाणकार अजून भांडतात त्यावरून. पुढे १८६८ मध्ये च्यांगसूच्या दिंग रिछांग ह्या राज्यपालानं बंदीची लांबलचक यादी काढली, दोनशेच्या वर नावं. त्यात हे स्वप्नही. गंमत म्हणजे तो स्वतः पक्का पुस्तकवेडा, घरी मोठा संग्रह."

"अगं, यादी म्हणजे दुकानदाराला आयती खरेदीची चिठ्ठीच की."

"आणि दुकानदार काय कमी? पुढे शांघायमध्ये तीच कादंबरी 'सोनं नि जेडची गाठ' अशा नावानं छापून आली. वेष्टन दुसरं, आत तेच. छन छीयुआन नावाच्या एका अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय, की दिंगनं कडक बंदी घातली, तरी ती बंद होईना, कारण पंडितांनाच ती आवडते. त्यानंच हांगचौची एक गोष्ट सांगितलीय. तरुणपणी ऐकलेली. एका व्यापाऱ्याची मुलगी, देखणी, कविता करणारी. हे पुस्तक वाचून वाचून क्षयानं खंगली. आईबापांनी चिडून पुस्तक चुलीत टाकलं. तर ती अंथरुणातून ओरडली, माझ्या पाओयूला का जाळता, आणि प्राण सोडला."

"अरे देवा. पाओयू म्हणजे?"

"कादंबरीतला नायक."

"बिचारी पोर. मग ह्या छनचं म्हणणं काय? वाईट होती का खरंच ती?"

"तो म्हणतो, अश्लील पुस्तकांत सगळ्यात घातक हीच. कारण तिच्यात वावगा शब्द एकही नाही."

"एकही नाही? आणि त्याला कसं कळलं गं, पूर्ण वाचल्याशिवाय?"