बेबीआत्याचा मेळ

बेबीआत्याच्या घरी गेलं की चहाच्या आधी खिडकी. इतरांच्या आत्या दारातच "किती वाळलास रे" म्हणतात. आमची आत्या हनुवटीला धरून आपलं तोंड उजेडाकडे वळवते, डोळे बारीक करते आणि निकाल देते, "अर्धी शेड उतरलास. दुपारचं क्रिकेट सुरू झालं ना पुन्हा?" हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

आत्या एका सहकारी बँकेत जन्मभर लेजर लिहून निवृत्त झाली. संध्याकाळी मेळ लागल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही, मग फरक आठ आण्यांचा का असेना, हा तिचा बाणा. बँक सुटली, बाणा राहिला. आता तिला रोज सकाळी चेहरा आणि मान यांचा मेळ लावायचा असतो. बँकेतल्यापेक्षा हे काम अवघड, कारण इथली आरंभीची शिल्लक रोज वेगळी.

तुम्हाला वाटेल, बाईला गोरं दिसायची हौस. तसं कोणी तोंडावर बोललं तर आत्याचा पारा चढतो. ती हौस बाकीच्यांना. त्यांच्यापायीच तर तिला हवी ती बाटली दुकानात नसते. "आम्ही गव्हाळ," ती बजावते, "आणि गव्हाळ म्हणजे लोकवन नव्हे, खपली." तिला खपलीच दिसायचंय, फक्त सगळीकडून सारखी खपली.

या वेडाचं मूळ शाळेच्या गॅदरिंगमध्ये आहे. कोळीनृत्य होतं. रंगवायला आलेल्या काकांकडे पॅनकेकचा डबा एक आणि स्पंजही एक. हे पॅनकेक मॅक्स फॅक्टरने १९३० च्या दशकात हॉलिवुडच्या टेक्निकलर सिनेमांसाठी काढलं, तिथल्या दिव्यांखाली तिथल्या नट्या नीट दिसाव्यात म्हणून. ते फिरत फिरत सदाशिव पेठेत पोचलं आणि गोऱ्या, निमगोऱ्या, सावळ्या अशा सगळ्या कोळणी त्या एका डब्यातून बाहेर पडल्या. फोटो आहे आत्याकडे. त्यात वर चेहऱ्यांची एक रांग आहे, खाली मानांची दुसरी, आणि दोन्हींची एकमेकींशी ओळख नाही. आत्या तो फोटो पाहुण्यांना दाखवते आणि त्यातली आपली मान बोटाने झाकून विचारते, "ही मी वाटते का?" आपण "नाही" म्हणायचं. मग चेहरा झाकून विचारते. आता "हो" म्हणायचं.

तिच्या आरशाच्या खणात फाउंडेशनच्या तीन बाटल्या असतात. कंपनीने दिलेली नावं तिने पांढरी पट्टी चिकटवून झाकून टाकली आणि वर सुबक अक्षरात लिहिलं: 'वैशाख', 'आश्विन', 'पौष'. तळाला स्केचपेनने बाटली उघडल्याची तारीख. बाटलीवर उघड्या झाकणाच्या डबीचं चित्र आणि आत 'बारा एम' असं असतं ना, त्याचा अर्थ उघडल्यापासून बारा महिने. हे आमच्या घरात लहान मुलांनाही पाठ आहे.

तीनच बाटल्या का, तर तिच्या मते पुण्यात माणसाचा रंग वर्षाला तीनदा बदलतो. ऊन लागलं की त्वचेत मेलॅनिन वाढतं. हा रंग लगेच कळत नाही, दोन-तीन दिवसांनी चढतो. उतरायला मात्र महिना तरी हवा, कारण खालची कातडी वर येऊन झडायला साधारण चार आठवडे जातात. मेच्या मध्यावर एका दुपारी पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. लोक त्या दिवशी गच्चीवर बाटल्या उभ्या करून फोटो काढतात. आत्या त्या दिवशी बाटली बदलते. शून्य सावलीचा दुसरा दिवस जुलैअखेर येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं, म्हणून तो तिने हिशेबात धरलेला नाही. पावसाळ्यात रंग हळूहळू उतरतो, तो पुरता उतरतोय तोच ऑक्टोबरचं ऊन. "उन्हाळा एकदाच येतो असं ज्यांना वाटतं," आत्या म्हणते, "ते पुण्यात फक्त नोकरीला आलेत."

पुण्याची बाई म्हटल्यावर स्कार्फ आलाच. आत्याचाही आहे, सनकोट आहे, हातमोजे आहेत. घोटाळा त्यानेच होतो. स्कूटरवर निघालेल्या आत्याची डोळ्यांभोवतीची पट्टी तेवढी उघडी राहते आणि मेअखेर ती पट्टी बाकीच्या चेहऱ्याशी फटकून वागायला लागते. त्यातच तिचा उजवा गाल डाव्यापेक्षा किंचित गडद आहे. आम्हाला कधी दिसला नाही, पण तिला दिसतो. बँकेत तिच्या उजव्या हाताला मोठी खिडकी होती. काच बंद असली की यूव्ही-बी किरणं बरीचशी अडतात, यूव्ही-ए मात्र खुशाल आत येतात. याला ती पुरावाही देते: अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाचा फोटो २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला होता. अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवून त्याच्या चेहऱ्याची फक्त खिडकीकडची, म्हणजे डावी बाजू सुरकुतली होती. "आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे," असं म्हणून ती आतोबांकडे वळते.

आतोबा हे या सगळ्या शास्त्रातलं मोजमापाचं साधन. ते स्वतः काहीही लावत नाहीत, आंघोळीनंतर खोबरेल सोडून. पण त्यांनी जन्मभर अर्ध्या बाह्यांचे शर्ट घातले आणि गाडी चालवताना उजवं कोपर खिडकीवर टेकवलं. त्यामुळे उजव्या बाहीच्या आत त्यांचा मूळ रंग आणि बाहेर चालू ऋतू, अशी स्वच्छ सीमारेषा त्यांच्या दंडावर कायमची आखलेली आहे. बाटली बदलायची वेळ झाली का, हे ठरवायला आत्या त्यांची बाही वर सारते. आतोबा तेव्हा पेपर वाचत असतात. पान उलटायला डावा हात वापरतात.

आत्याबरोबर फाउंडेशन खरेदीला जाणं हा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम. माझं काम आरसा धरणं. तुळशीबागेत शिरलं की ठरलेल्या दुकानात काउंटरवरची मुलगी आधी हसते, मग आत्याला ओळखते आणि हसणं आवरतं घेते. दुकानाच्या दिव्यांवर आत्याचा विश्वास नाही. पिवळ्या दिव्याखाली सगळेच सोन्याचे आणि पांढऱ्या ट्यूबखाली सगळेच आजारी, हा तिचा सिद्धांत मलाही पटलेला आहे. मनगटावर रंग लावून बघणाऱ्या बायकांची तिला कीव येते, "मनगट घेऊन कोण लग्नाला जातं?" आत्या जबड्याच्या कडेला, जिथे चेहरा संपून मान सुरू होते, तिथे तीन शेडच्या तीन उभ्या रेघा ओढून घेते आणि तशीच रस्त्यावर उन्हात येते. मी आरसा धरून समोर. मागे दुकानातली मुलगी, टेस्टर परत मिळेल ना या काळजीत. जी रेघ दिसेनाशी होईल ती आपली.

पण तेवढ्यावर आत्या पैसे काढत नाही. चेहऱ्याचं तेल आणि हवा लागून बरीच फाउंडेशन्स तासाभरात गडद होतात. दुकानात जुळलेली शेड घरी पोचेपर्यंत विटकरी झालेली असते. म्हणून ती त्या तीन रेघांसकट तांबड्या जोगेश्वरीच्या दर्शनाला जाते. "तोवर रंग बसेल," म्हणते. देवळात एक आजी तिला पदराचं टोक पुढे करून म्हणाल्या होत्या, "बाई, तोंडाला काहीतरी लागलंय." आत्याने त्यांना रेघांतली कुठली जुळते ते विचारून घेतलं. आजींनी मधली सांगितली आणि ती बरोबर होती. बाहेर पडताना आत्या देवीला हात जोडून म्हणाली, "हिचं बरंय. बाराही महिने एकच शेड."

परत दुकानात आल्यावर ती मुलगी हटकून दोन शेड उजळ बाटली पुढे करते. "मॅडम, तुम्ही फेअरच आहात, ही घ्या." यावर आत्या स्कार्फ सोडते आणि विचारते, "माझी मान दिसतेय का तुला?"

अमेरिकेतल्या माझ्या चुलतबहिणीने तिला एकदा कळवलं की रिहाना नावाच्या गायिकेने २०१७ साली फाउंडेशन काढलं, एकदम चाळीस शेडमध्ये. आत्या कितीतरी वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्या वेळी दोन होत्या. गोरी आणि बाकीच्या." त्याच बहिणीने मॅकची एक बाटली आणून दिली, तेव्हा मात्र रणकंदन झालं. त्या कंपनीत पिवळसर कातडीच्या शेडला एनसी म्हणतात आणि गुलाबीसर कातडीच्या शेडला एनडब्ल्यू. यातला सी म्हणजे कूल, डब्ल्यू म्हणजे वॉर्म. बाकी सगळं जग पिवळसरला वॉर्म म्हणतं. कंपनीचा त्यामागे रंगचक्राचा काही तर्क आहे, तो आत्याने ऐकून घेतला आणि म्हणाली, "असला कारकून माझ्या हाताखाली असता तर पहिल्याच दिवशी घरी पाठवला असता." बाटली मात्र उत्तम जुळली. ती 'आश्विन' झाली.

पुढे तिला कळलं की या सगळ्या टॉफी, हनी, बेज, कॅरमेलच्या पोटात रंग मुळात चारच: पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड आणि लोखंडाचे पिवळे, तांबडे, काळे ऑक्साइड. तुळशीवृंदावनाला लावायचा गेरू तोही लोखंडाचा ऑक्साइडच. हे कळल्यापासून ती दोन बाटल्या डाव्या हाताच्या पाठीवर मिसळायला लागली. मार्चमध्ये पौषाचे दोन थेंब, वैशाखाचा एक, एप्रिलमध्ये उलट. माझं प्रामाणिक मत विचाराल तर बाजारातल्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा हा सल्ला शहाणपणाचा आहे. दर ऋतूला नवी बाटली घेण्याऐवजी एक गडद, एक फिकी, बस्स. पण मी बोललो की आत्या म्हणते, "तू आरसा धर."

तिच्या व्यवस्थेला तडा गेला तो २०२३ साली. त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि भाद्रपद थेट ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लांबला. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं आणि आत्या 'आश्विन' उघडायला घटस्थापनेची वाट पाहत होती. अख्खा पितृपक्ष तिचा चेहरा मानेच्या एक शेड मागे राहिला. शेवटी आतोबांनी पेपर खाली ठेवला. "अगं, ऊन सूर्याचं असतं. पंचांग चंद्राचं." लग्नानंतर त्यांनी तिला सुनावलेलं बहुधा हे पहिलंच वाक्य. आत्याने त्याच संध्याकाळी पट्ट्या सोलल्या आणि नव्या लावल्या: 'मे', 'ऑक्टोबर', 'जानेवारी'.

माझ्या ताईच्या लग्नात या विद्येचा कस लागला. लग्न मेमध्ये आणि पार्लरवालीने ट्रायल ठेवली फेब्रुवारीत. "फेब्रुवारीचा चेहरा मेमध्ये कुणाला दाखवणार?" म्हणून आत्याने ती पुढे ढकलली. ट्रायलला गेलो तर ताईचा चेहरा दोन शेड उजळ. "ब्रायडलला थोडं उजळच करतात, काकू," पार्लरवाली म्हणाली. "ब्रायडलला दुसरीच मुलगी आणून उभी करतात का? मुलाने हिला बघून होकार दिलाय." मग ताईला गॅलरीत नेलं, मग मला फोनचा फ्लॅश मारून फोटो काढायला लावला. फ्लॅशमध्ये डोळ्यांखालची बारीक पावडर पांढरीफटक चमकली. सिलिका असलेल्या पावडरींचं हे हमखास होतं. पार्लरवालीने निमूटपणे डबी बदलली. राहता राहिली हळद. आदल्या दिवशी चेहऱ्याला हळद चोपडली की दुसऱ्या दिवशी सगळी शेड पिवळ्याकडे झुकते. आत्याने करवल्यांना दम भरला, "हळद गालाला नुसती टेकवायची, थापायची नाही." करवल्यांनी थापली. आत्या घरी गेली आणि रात्री ताईसाठी वेगळं मिश्रण करून ठेवलं.

लग्नाच्या दिवशी ती स्वतः पहाटे चारपासून आरशासमोर होती. हॉलमध्ये आली तेव्हा चेहरा, मान, कान, दोन्ही गाल, सगळं एकजीव. कुठे सुरुवात नाही, कुठे शेवट नाही. मुलाकडच्या एक मावशी तिच्याशेजारी येऊन बसल्या, तिच्याकडे निरखून बघितलं आणि प्रेमाने म्हणाल्या, "तुम्ही काहीच लावलं नाहीत? लावायचं हो थोडं, लग्नघर आहे. हल्ली छान छान मिळतं."

आत्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी तिच्या प्रमोशनच्या दिवशीही पाहिला नव्हता. तिने मावशींच्या जबड्याची कड न्याहाळली आणि हळूच म्हणाली, "तुमचंही सुरेख आहे. फक्त शेड जानेवारीची आहे."

आम्ही जीव मुठीत धरला. वरपक्ष होता.

"अय्या!" मावशी म्हणाल्या, "तुम्हाला कसं कळलं? संक्रांतीलाच घेतली की मी!"

जेवणाच्या दोन पंगती उठल्या तरी दोघींचा पत्ता नव्हता. शोधत गेलो तर हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर भर उन्हात तिघं बसलेले. आतोबांचा झब्बा उजव्या खांद्यापर्यंत वर सारलेला, मावशी त्यांच्या दंडाला आपला गाल लावून बघत होत्या, आणि आतोबा डाव्या हाताने जिलबी खात होते.